पायाखालची माती किती टन पेलेल, हे आधी सांगता येते का?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात आपल्याला तळमजला अधिक एक मजला असे आरसीसी घर बांधायचे आहे. प्लॉटवर वरून १.९ मीटरपर्यंत काळी माती आहे, त्याखाली २.६ मीटरपर्यंत चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती आहे आणि त्यानंतर मुरूम लागतो. एप्रिल महिन्यात एकच बोअर घेतला गेला, तो ३ मीटरवर थांबवला गेला आणि अहवालात १.५ मीटर खोलीवर ११ टन प्रति चौरस मीटर एवढी धारणक्षमता दिली गेली. कंत्राटदार म्हणतो की आपल्या भागात सगळे २० टन धरतात आणि शेजारचे घर त्यावरच उभे आहे. शिवाय जवळपासच्या जुन्या अहवालांवरून संगणक हा आकडा सांगू शकतो, असेही आपल्या कानावर आले आहे. यातले काय धरावे, असे आपण विचारता.

माझे उत्तर असे आहे की यांपैकी कोणताही आकडा धरू नये, कारण या सगळ्यांनी धारणक्षमता हा मातीचा गुण मानला आहे. मातीची घनता, तिच्यातले पाणी, तिची कातरशक्ती (म्हणजे सरकण्याला ती किती विरोध करते) हे मातीचे गुण आहेत आणि ते मोजता येतात. धारणक्षमता मात्र त्या मातीवर ठेवलेल्या एका विशिष्ट पायाची असते. फूटिंगची, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या पसरट पायाची, रुंदी बदलली, खोली बदलली, पाण्याची पातळी वर आली किंवा इमारतीला किती बसणे, म्हणजे खाली खचणे, चालेल याचा हिशेब बदलला, की त्याच मातीवरचा आकडा बदलतो. त्यामुळे 'या गावात २० टन' हे वाक्य 'या गावात चप्पल आठ नंबरची' म्हणण्यासारखे आहे. अहवालात आकड्याशेजारी फूटिंगची रुंदी, खोली, गृहीत धरलेली पाणीपातळी आणि मान्य केलेले बसणे या चार गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर तो अहवाल अपुरा आहे, मग त्यावर सही कोणाचीही असो.

आधी माती हार कशी मानते ते पाहू, कारण सगळे सूत्र त्यातूनच आले आहे. ओल्या बांधावर पाय जोरात दिला की तो नुसता खाली जात नाही. पायाखालचा चिखल बाजूंना सरकतो आणि कडेने वर फुगून येतो. फूटिंगखाली हेच घडते. तळाशी मातीची एक पाचर तयार होते, ती खाली दाबली जाते आणि दोन्ही बाजूंची माती वक्र पृष्ठभागावरून ढकलून वर उचलू पाहते. १९२० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ प्रांटल यांनी धातूवर ठसा उमटताना काय होते याचे गणित मांडले, आणि १९४३ मध्ये मृदा-अभियंते टर्झागी यांनी ते मातीला लागू करून आज आपण वापरतो ते तीन पदांचे सूत्र दिले. पहिले पद मातीच्या चिकटपणाचे, म्हणजे संसंजनाचे असते. दुसरे पद फूटिंगच्या तळपातळीच्या वर असलेल्या मातीच्या वजनाचे असते, कारण ती माती बाजूने वर येऊ पाहणाऱ्या मातीला दाबून धरते. तिसरे पद फूटिंगखालच्या मातीच्या स्वतःच्या वजनाचे आणि फूटिंगच्या रुंदीचे असते. आपल्याकडे आयएस ६४०३ हे १९८१ चे भारतीय मानक याच वळणाने जाते. त्यात फूटिंगचा आकार, खोली, तिरका भार आणि पाण्याची पातळी यांसाठी गुणक दिलेले आहेत.

आता आपल्याच प्लॉटचे आकडे घेऊन पाहा. समजा एका कॉलमवर ४५ टन भार आहे. अहवालातले ११ टन धरले तर साधारण ४.१ चौरस मीटर, म्हणजे २ मीटर बाय २ मीटरचे फूटिंग लागेल. ते १.५ मीटर खोलीवर काळ्या मातीत ठेवले असे धरू. चिकणमातीवर भार पटकन येतो तेव्हा घर्षणकोन (मातीच्या कणांमधल्या घर्षणाचे माप) शून्य धरतात आणि फक्त पहिले पद उरते. त्यातला मूळ गुणक ५.१४, चौरस फूटिंगसाठी १.३ आणि या खोलीसाठी १.१५, तिन्हींचा गुणाकार सुमारे ७.७ येतो. एप्रिलमध्ये भेगाळलेल्या, वाळलेल्या काळ्या मातीचा नमुना प्रयोगशाळेत ६० किलोपास्कल संसंजन सहज दाखवतो. त्याला ७.७ ने गुणून २.५ या सुरक्षा गुणकाने भागले की १८४ किलोपास्कल, म्हणजे सुमारे १८ टन येतात. तीच माती सप्टेंबरमध्ये भिजून २५ किलोपास्कलवर आली, तर तोच हिशेब ७७ किलोपास्कल, म्हणजे ८ टनांच्याही खाली उतरतो. माती तीच, फूटिंग तेच, सूत्र तेच; बदलला तो नमुना घेण्याचा महिना. कंत्राटदाराचे २० टन उन्हाळ्यातल्या मातीचे असावेत आणि घराला मात्र पुढची पन्नास वर्षे पावसाळे काढायचे आहेत. म्हणून चिकणमातीचा नमुना प्रयोगशाळेत पूर्ण भिजवून तपासला आहे का, हा पहिला प्रश्न अहवाल देणाऱ्याला विचारा.

या हिशेबातला १.१५ हा खोलीचा गुणकही नजरेआड करू नये. फूटिंगच्या बाजूचा भराव नीट धुमस करून घट्ट बसवला असेल तरच तो धरता येतो, अशी मानकाची स्पष्ट अट आहे. प्रत्यक्षात काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे: फूटिंग भरले, कॉलम उभे राहिले, की जेसीबी उरलेली माती खड्ड्यात लोटून निघून जाते, आणि पहिल्या पावसात तिथे खळगा पडतो. अशा साइटवर तो गुणक मी १ धरतो.

मुरमाचा हिशेब याहून बोलका आहे. समजा आपण २.८ मीटर खोलीवर मुरमात गेलो, फूटिंग १.५ मीटर चौरस ठेवले, मुरमाचा घर्षणकोन ३० अंश धरला, संसंजन सावधगिरीने शून्य मानले, घनतेसाठी १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर घेतले, पाणी खोल आहे असे धरले आणि खोलीचा गुणक सोडून दिला. मुरूम घट्ट आहे, म्हणजे तो एकदम, पूर्ण पाचर तयार करून निकामी होईल असे मानले तर २.५ ने भागून सुमारे ५२ टन येतात. तोच मुरूम सैल आहे, म्हणजे तो आधी खूप दबेल आणि मग हळूहळू हार मानेल असे मानले, तर नियमानुसार घर्षणकोनाच्या स्पर्शिकेचे दोन तृतीयांश घ्यावे लागतात, कोन २१ अंशांवर येतो आणि उत्तर येते साधारण १७ टन. एका गृहीतकावर तिप्पट फरक पडतो. घर्षणकोनाच्या बाबतीतही हेच आहे. मानकाच्या सारणीत रुंदीच्या पदाचा गुणक ३० अंशांना २२.४० आहे आणि ३५ अंशांना ४८.०३, पाच अंशांच्या चुकीने तो दुपटीच्या वर जातो. मुरमाचा अविचलित, म्हणजे जमिनीत होता तसाच, नमुना जवळजवळ कधीच मिळत नाही, तो फोडून, चाळून, पुन्हा पेटीत भरून कातरचाचणी केली जाते, त्यामुळे पाच अंश इकडेतिकडे होणे ही रोजची गोष्ट आहे. म्हणूनच अहवालात '१७.८३ टन' असा दोन दशांशांचा आकडा दिसला की मला त्या दशांशांची काळजी वाटते.

इथपर्यंत आपण माती फाटण्याचा विचार केला. छोट्या इमारतींत माती फाटण्याआधीच, पुष्कळ आधी, इमारत बसते आणि भिंती तडकतात. आयएस १९०४ प्रमाणे आरसीसी इमारतीच्या सुट्या फूटिंगला वाळूत आणि कठीण चिकणमातीत ५० मिलिमीटर, तर मऊ चिकणमातीत ७५ मिलिमीटर एकूण बसणे चालते. खरी मर्यादा मात्र दोन शेजारच्या कॉलमांतल्या फरकाची आहे: अंतराच्या ०.००१५ पट. कॉलम ४ मीटरवर असतील तर हा फरक ६ मिलिमीटर होतो, आपल्या करंगळीच्या जाडीच्याही निम्म्याने. सगळी इमारत सारखी ३० मिलिमीटर बसली तर कदाचित कोणाला कळणारही नाही. एक कोपरा १५ मिलिमीटर जास्त बसला तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि दरवाजा चौकटीत अडकू लागतो. त्यामुळे चांगल्या अहवालात दोन आकडे काढलेले असतात, एक माती फाटण्यावरून आणि एक बसण्यावरून, आणि त्यातला लहान आकडा शिफारशीत येतो. आपल्या अहवालातले ११ टन बसण्यावरून आले असतील तर मी ते गांभीर्याने घेईन; केवळ कातरचाचणीवरून आले असतील तर नाही. ते कशावरून आले हे अहवालात लिहिलेलेच नाही, ही त्याची मोठी उणीव आहे.

आता बोअरची खोली. फूटिंगचा भार खाली पसरत जातो आणि चौरस फूटिंगखाली रुंदीच्या दुप्पट खोलीवर तो मूळ दाबाच्या साधारण एक दशांश उरतो. म्हणजे २ मीटरचे फूटिंग १.५ मीटरवर ठेवले तर त्याचा परिणाम साडेपाच मीटरपर्यंत पोहोचतो, आणि आपला बोअर ३ मीटरवर थांबला. मुरूम लागला म्हणून थांबवला, असे उत्तर मिळेल. दख्खनच्या पठारावर हे उत्तर नेहमी पुरत नाही. आपला काळा पाषाण एकावर एक आलेल्या लाव्ह्याच्या थरांचा आहे आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा गेरूसारखा लाल मातकट पट्टा असतो, जो कोरडा असताना टणक वाटतो आणि भिजला की मऊ होतो, फुगतो. मुरूम खाली खाली कठीण होत जातो ही सर्वसाधारण गोष्ट खरी आहे, पण ती आपल्या प्लॉटवर खरी आहे का हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. कोकणात आणि गोव्यात याच चुकीचे दुसरे रूप दिसते: वर जांभ्याचे कठीण कवच असते, पहार आपटली तर ठिणगी उडते, आणि दोनतीन मीटर खाली पांढरट-गुलाबी मऊ माती असते.

वरचा थर चांगला आणि खालचा कच्चा असला की काय होते याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथले आहे. तिथे रेल्वेसाठी धान्याचे प्रचंड कोठार बांधले गेले. काँक्रीटच्या पासष्ट उंच कणग्या एकाच राफ्टवर, म्हणजे सलग काँक्रीटच्या पायावर, उभ्या होत्या आणि राफ्ट सुमारे ३.७ मीटर खोलीवर होता. खोदाईच्या तळावर लहान प्लेट ठेवून भारचाचण्या केल्या गेल्या होत्या आणि त्यांवरून माती हा भार पेलेल असा अंदाज बांधला गेला होता. १८ ऑक्टोबर १९१३ रोजी, कोठार बहुतांशी भरलेले असताना, ते तासाभरात सुमारे ३० सेंटीमीटर खचले आणि पुढच्या चोवीस तासांत जवळजवळ २७ अंशांनी कलले. कणग्या इतक्या मजबूत होत्या की त्या अखंड राहिल्या. पुढे खडकापर्यंत खांब नेऊन कोठार सरळ केले गेले आणि पुन्हा वापरात आले. चाळीस वर्षांनी पेक आणि ब्रायंट या अभियंत्यांनी तिथे घेतलेल्या बोअरांच्या आधारे हिशेब मांडला तेव्हा दिसले की वरच्या घट्ट चिकणमातीखाली बरीच मऊ चिकणमाती होती, आणि ती धरून सूत्र चालवले तर उत्तर प्रत्यक्ष कोसळण्याच्या भाराच्या अगदी जवळ येते. सूत्रात दोष नव्हता. १९१३ मध्ये लहान प्लेटला खालचा थर दिसलाच नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडेही 'प्लेट लोड टेस्ट केली आहे' म्हटले की चर्चा संपते. ३० सेंटीमीटरच्या प्लेटचा दाब खाली ६० सेंटीमीटरपर्यंतच जाणवतो. शिवाय प्लेटचे बसणे थेट फूटिंगला लावता येत नाही. वाळू आणि मुरूम यांच्यासाठी आयएस १८८८ मधल्या सूत्राने ३० सेंटीमीटरच्या प्लेटवरून १.८ मीटरच्या फूटिंगकडे जाताना बसणे सुमारे २.९ पट होते, आणि चिकणमातीसाठी ते रुंदीच्या प्रमाणात, म्हणजे ६ पट होते. प्लेट ५ मिलिमीटर बसली तर मुरमात फूटिंग १५ मिलिमीटर बसेल आणि चिकणमातीत ३०. त्यातही चिकणमाती वर्षानुवर्षे बसत राहते, आणि प्लेटची चाचणी एकदोन दिवसांत संपते. योग्य ठिकाणी मात्र ही चाचणी फार मोलाची आहे. मुरमाच्या तळावर ६० सेंटीमीटरची प्लेट, खड्डा प्लेटच्या किमान पाच पट रुंद, वर वाळूच्या पोत्यांचा किंवा भरलेल्या डंपरचा प्रतिभार, प्लेटच्या चार बाजूंना डायल गेज आणि प्रत्येक टप्प्यावर बसण्याचा वेग मिनिटाला ०.०२ मिलिमीटरच्या खाली येईपर्यंत थांबणे, अशी ती करावी लागते. गेजचा काटा हलायचा थांबला का हे पाहत उन्हात तासतासभर बसावे लागते. एका दुपारी सगळे टप्पे उरकले असतील, तर तो कागद बाजूला ठेवावा.

आता काळ्या मातीकडे येतो, कारण आपल्या घराला खरा धोका धारणक्षमता कमी असण्याचा नाही. भारतीय मानकांत निरनिराळ्या मातींसाठी अंदाजी मूल्यांच्या सारण्या आहेत. त्यांत कठीण खडकापासून मऊ चिकणमातीपर्यंत आकडे दिलेले आहेत, पण काळी कपाशीची माती आणि भराव यांच्यापुढे आकडा नाही, तपासणी करून ठरवावे एवढीच सूचना आहे. या मातीतले माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. फुगताना तिचा दाब १०० किलोपास्कलच्याही वर जाऊ शकतो, आणि हलक्या घराच्या भिंतीखालचा दाब पुष्कळदा त्याच्या निम्माही नसतो. अशा वेळी घर खाली बसत नाही, वर उचलले जाते. कडेची माती आधी भिजते म्हणून कडा आधी उचलल्या जातात. फूटिंग अजून मोठे करून दाब कमी केला की माती पेलेल, हा साधा तर्क इथे उलटा पडतो, कारण दाब जितका कमी तितके उचलणे सोपे. अहवालात कमी आकडा आला म्हणून फूटिंग मोठे करणारे आणि त्यामुळे घराला जास्त भेगा पाडून घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि दरवेळी मला त्याचे वाईट वाटले आहे, कारण त्यांनी प्रामाणिकपणे जास्त खर्च केलेला असतो.

माती किती फुगते हे पाहण्याची चाचणी इतकी साधी आहे की ती आपण स्वतः समोर उभे राहून करवून घ्यावी. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन काचेच्या नळकांड्यांत घालतात. एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात रॉकेल. काचेच्या कांडीने हलवून हवेचे बुडबुडे काढतात आणि चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, ती १० मिलिलिटरच्या खुणेजवळ गप्प बसते. पाण्यातली माती दुसऱ्या दिवशी १८ च्या खुणेवर दिसली तर मुक्त फुगवटा ८० टक्के झाला. ५० टक्क्यांच्या वर गेले की मी त्या मातीवर हलक्या घराचा उथळ पाया ठेवत नाही. आपल्या अहवालात ही चाचणीही नाही आणि फुगण्याच्या दाबाची चाचणीही नाही, १.५ मीटरवर, म्हणजे काळ्या मातीतच, पायाची शिफारस मात्र आहे.

शेजारच्या घराचा दाखला का चालत नाही, हेही सांगतो. एक तर शेजाऱ्याचे फूटिंग किती रुंद आणि किती खोल आहे हे कोणाला ठाऊक नसते; अनेकदा शेजाऱ्याने मुरमापर्यंत खोदलेले असते आणि सांगताना फक्त '२० टन' उरतात. दुसरे, प्लॉट ते प्लॉट थर बदलतात. एका शाळेच्या इमारतीच्या वेळी नऊ फूटिंगांच्या खड्ड्यांपैकी आठांत २ मीटरवर चांगला मुरूम होता आणि नवव्यात पहार कोपरापर्यंत आत गेली. गावातल्या एका आजोबांना बोलावले तेव्हा कळले की तिथे त्यांच्या लहानपणी विहीर होती आणि ती कचरा-मातीने बुजवली होती. तेव्हापासून बोअरची जागा ठरवण्याआधी मी गावातल्या जुन्या माणसांना भेटतो, सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का ते पाहतो आणि ओढ्याची जुनी वाट विचारतो.

संगणकाच्या भाकिताबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. जुन्या चाचण्यांच्या आकड्यांवर शिकवलेली प्रारूपे धारणक्षमतेचा अंदाज चांगला देऊ शकतात, पण ज्या प्रकारच्या माती आणि पायांवर ती शिकली त्याच मर्यादेत. अशा अभ्यासांतली पुष्कळ माहिती प्रयोगशाळेतल्या पेटीत भरलेल्या वाळूवर लहान फूटिंग दाबून मिळवलेली असते. भेगाळलेली काळी माती, तिच्याखाली चुनखडी आणि त्याखाली मुरूम, असा थर त्यात नसतो. जवळपासच्या अहवालांचा उपयोग बोअर किती आणि कुठे घ्यावेत, पाया मुरमात न्यावा लागेल का, खर्चाचा अंदाज काय, हे आधी ठरवण्यासाठी जरूर करावा. अंतिम आकडा त्यांवरून ठरवू नये.

आपल्या प्लॉटवर मी काय करेन ते आता सांगतो. घराच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर आणि मध्यावर मिळून तीन बोअर घेईन, प्रत्येक किमान ६ मीटर खोल, आणि त्यांतला एक खडकात थोडा कोअर (दंडगोल नमुना) घेऊन पुढे नेईन, म्हणजे मुरमाखाली लाल पट्टा आहे का हे कळेल. एसपीटीचे, म्हणजे ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून टाकून मोजलेले ठोके मुरमात जपून वाचावे लागतात, कारण नळीच्या तोंडाशी एखादा दगड आला की ठोके उगाच वाढतात. तीन ठिकाणचे आकडे सारखे असतील तरच मी विश्वास ठेवतो. एक चाचणी-खड्डा जेसीबीने ३ मीटरपर्यंत, कडा ढासळणार नाहीत अशा उतरत्या ठेवून खोदून घेईन, कारण थरांची सीमा डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. तळाच्या मुरमाचा नारळाएवढा गोळा पाण्याच्या बादलीत टाकून ठेवीन. तासाभराने तो तसाच राहिला तर मुरूम. त्याचा चिखल झाला तर ती मुरमाच्या रंगाची माती आहे, आणि आणखी खाली जायला हवे.

पाया मी काळ्या आणि पिवळ्या मातीतून पूर्ण बाहेर काढून मुरमात किमान २० सेंटीमीटर आत, म्हणजे सुमारे २.८ मीटरवर ठेवीन. वरच्या गणितात त्याच मुरमाला १७ ते ५२ टन आले होते. तीन बोअरांत मुरूम घट्ट निघाला, ६० सेंटीमीटरच्या प्लेटची चाचणी नीट झाली आणि बसण्याचा हिशेब ६ मिलिमीटरच्या फरकात बसला, तर मी २० टन धरीन. त्याहून पुढे, सूत्र काहीही म्हणो, जाणार नाही. २० टनांना ४५ टनांच्या कॉलमसाठी १.५ मीटर चौरस फूटिंग पुरते. खोदाई १.३ मीटरने वाढते, पण फूटिंगचे क्षेत्रफळ चारवरून सव्वादोन चौरस मीटरवर येते, त्यामुळे काँक्रीट आणि सळईत पुष्कळ बचत होते. लोक फक्त खोदाईचा खर्च पाहतात म्हणून उथळ पाया स्वस्त वाटतो.

कॉलमची बाजू, प्लिंथ बीम आणि जोत्यातला भराव यांना काळी माती चिकटलेली राहिली तर ती फुगताना त्यांना वर ओढते, हे लक्षात ठेवा. प्लिंथ बीमखाली काळी माती थेट टेकू देऊ नका, खाली मोकळी जागा किंवा वाळूचा थर ठेवा. फूटिंगच्या बाजूला आणि जोत्यात खोदलेली काळी माती परत टाकू नका; न फुगणारा मुरूम २० सेंटीमीटरच्या थरांनी पाणी मारून धुमस करा. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले आहे की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकट मातीचा साधारण मीटरभर थर घट्ट बसवला तर खालच्या मातीचे फुगणे बरेच आटोक्यात येते; कंपाउंड भिंत, पोर्च आणि घराभोवतीची फरशी यांच्यासाठी हा उपाय उत्तम आहे. मुरूम २.६ मीटरऐवजी पाच-सहा मीटरवर असता तर मी सुट्या फूटिंगचा विचार सोडून रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल सुचवले असते. त्यांची लांबी काळ्या मातीत किमान साडेतीन मीटर ठेवतात, कारण वर्षभर ओल कमीजास्त होणारा थर साधारण तिथपर्यंत असतो.

अहवाल देणाऱ्या संस्थेकडून सुधारित अहवाल लेखी मागा आणि त्यात प्रत्येक फूटिंग-रुंदीसाठी वेगळा आकडा, भिजलेल्या स्थितीतली कातरशक्ती, मुक्त फुगवटा आणि पावसाळ्यातली पाणीपातळी नमूद करायला सांगा. शेजारच्या विहिरीत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी किती वर येते हे आपण स्वतः विचारून त्यांना कळवा. पाणी फूटिंगच्या तळाशी पोहोचले तर सूत्रातले तिसरे पद निम्मे होते.

खोदाईच्या दिवशी प्रत्येक खड्ड्यात, अपवाद न करता, तळावर पहार टाकून पाहा आणि ज्या खड्ड्यात ती वेगळी वाजेल तिथे आणखी खोदा. शेवटचा १५ सेंटीमीटरचा थर जेसीबीने न काढता हाताने काढा, म्हणजे तळ उसकटणार नाही. तळ उघडा पडला की त्याच दिवशी पीसीसी, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटचा थर, करून घ्या. रात्रीत पाऊस आला आणि खड्ड्यात पाणी साचले, तर पाणी उपसून लगेच काँक्रीट ओतू नका. मऊ झालेला थर खरवडून, घट्ट मुरूम पुन्हा लागेपर्यंत खाली जा आणि मधली जागा मातीने न भरता लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटने भरा.